बोटे एक, लिप्या दोन

संगणकाला इंग्रजीच कळते, अशी तक्रार आपल्या सीमाभागात नेहमी ऐकू येते. लिनक्सपुरती तरी ती खरी नाही. सेटिंगमधील कळफलकांच्या यादीतून मराठी आणि कन्नड, दोन्हींची इन्स्क्रिप्ट मांडणी जोडून घ्यावी. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाणित केलेल्या या मांडणीत एका उच्चाराची कळ दोन्ही लिप्यांत एकच असते. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीचा ‘क’ आणि कन्नडचाही ‘क’. बोटांना एकदाच शिकवायचे!

ही निवड ज्याच्या-त्याच्या खात्यात, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींत व फोल्डरांत राहते. शेजाऱ्याला त्रास नाही. म्हणून प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. बेळगाव-निपाणीच्या पाट्यांवरचा वाद याने मिटणार नाही. पण मित्राच्या लिपीत त्याचे नाव तरी आपल्याला लिहिता येईल.