नवस बोला, पण फाईलही उघडा

गणेशपुरीच्या गरम कुंडांशी माझं भांडण नाही. तानसेच्या काठच्या त्या ऊन पाण्याने दुखऱ्या कंबरेला आराम पडतो, आणि शेकाने पाळीच्या कळा हलक्या होतात हे डॉक्टरही सांगतील. भांडण आहे ते एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन झालेल्या बाईला कुंडाकाठापासून ठाण्या-मुंबईच्या दवाखान्यांपर्यंत जे ठाम सल्ले मिळतात, त्यांच्याशी.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर रुजतो: बीजकोशांवर, नळ्यांभोवती, कधी आतड्यांवर. आतले अवयव एकमेकांना चिकटतात, बीजकोशात जुनं रक्त साचून चॉकलेट सिस्ट होते. दुर्बिणीतून ते काढतात, चिकटलेलं सोडवतात. बाई घरी येते आणि सल्ल्यांना सुरुवात होते.

पहिला सल्ला घरचा: ‘पिशवी साफ झाली ना? आता वाट बघा, देव देईल.’ यात तथ्य अजिबात नाही असं नाही. कॅनडात 341 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. सौम्य आजार असलेल्या ज्या स्त्रियांचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, त्यांच्यापैकी सुमारे 31 टक्के जणींना पुढच्या 36 आठवड्यांत दिवस राहिले आणि टिकले. नुसती तपासणी करून सोडलेल्यांत हे प्रमाण सुमारे 18 टक्के होतं. म्हणजे ऑपरेशनचा उपयोग होतो. पण हा आकडा सौम्य आजाराचा आहे. मोठी चॉकलेट सिस्ट सोलून काढताना बीजकोशाचा थोडा निरोगी भागही जातो, रक्तातला एएमएच उतरतो, म्हणजे शिल्लक बीजांचा साठा घटतो. सदतीस वर्षांच्या, दोन्ही बाजूंच्या सिस्ट काढलेल्या बाईला ‘वाट बघा’ म्हणणं म्हणजे तिची उरलेली वर्षं खर्ची टाकणं.

दुसरा सल्ला याच्या नेमका उलट, आणि तो काचेच्या केबिनमध्ये मिळतो: ‘वेळ घालवू नका, थेट आयव्हीएफ.’ तीन सायकलचं पॅकेज, हप्त्यांची सोय. पण वय तिशीच्या आत, एक नळी चांगली मोकळी, आजार थोडा, अशा बाईला हे का सांगायचं? आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शनं आणि त्यात पुन्हा पुन्हा सोनोग्राफी. गणेशपुरीहून ठाण्याची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज. शिवाय आरोग्य विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत ‘एक्सक्लूजन 17’ या कलमाखाली वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात, त्यामुळे सगळा पैसा खिशातून जातो. गरज असेल तिथे तो जाऊ द्यावा. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या आयव्हीएफ उपचारांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षा या मुलीचा जन्म झाला. तेव्हापासून या तंत्राबद्दल लाजण्यासारखं काही उरलेलं नाही. माझा आक्षेप तंत्राला नाही, फाईल न उघडता ते गळ्यात मारण्याला आहे.

तिसरा सल्ला: ‘आधी सहा महिने इंजेक्शनं घेऊन आजार वाळवू, मग मुलाचं बघू.’ युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने, ईश्रेने, 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट नाकारलं आहे. पुढे गर्भ राहावा एवढ्याच हेतूने ऑपरेशननंतर पाळी थांबवणारी औषधं देऊ नयेत. दुखणं दाबायला ती चालतात, आणि मूल इतक्यात नको असेल तर जरूर घ्यावीत. पण ती चालू असताना दिवस राहणार नाहीत, ते महिने हातचे जातात. सिस्ट पुन्हा दिसली म्हणून आयव्हीएफआधी सरसकट दुसरं ऑपरेशन करण्यालाही त्याच सूचनांचा पाठिंबा नाही. ‘मूल झालं की आजार आपोआप जातो’ हे तर निव्वळ ऐकीव.

मग ठरवायचं कशावर? यासाठी 2010 पासून एक साधं मोजमाप उपलब्ध आहे, एंडोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स, दहा गुणांचं. वय 35 पर्यंत असेल तर दोन गुण, 36 ते 39 ला एक, चाळिशीला शून्य. प्रयत्न तीन वर्षांच्या आतले असतील तर दोन. पूर्वी कधी दिवस राहिले असतील तर एक. उरलेले पाच गुण ऑपरेशनच्या टेबलावर ठरतात: नळ्या, त्यांची झालरीसारखी टोकं आणि बीजकोश शेवटी कितपत कामाचे राहिले, आजार किती पसरला होता. मूळ अभ्यासात नऊ-दहा गुणवाल्या साधारण पाऊण स्त्रियांना तीन वर्षांत आयव्हीएफशिवाय दिवस राहिले. तीनपर्यंत गुण असलेल्यांत दहातल्या एकीला. पहिलीने काही महिने घरीच प्रयत्न करावेत, आजार सौम्य असेल तर गोळ्या-इंजेक्शनांसह आययूआयही, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, करून बघावं. दुसरीने आयव्हीएफला उशीर लावू नये. मधल्या गुणांच्या बाईसाठी वय आणि एएमएच बघून बोलावं लागतं, आणि तिथेच डॉक्टरची खरी परीक्षा असते.

पण हे पाच गुण डिस्चार्ज कार्डावर नसतात. तिथे ‘लॅपरोस्कोपी केली’ एवढी एक ओळ असते. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्यावी लागते, सीडी असेल तर तीही. ती मागणं हा उद्धटपणा नव्हे.

आणि हे मोजमाप नवऱ्याचं बीज ठीक आहे असं गृहीत धरूनच चालतं. इथे मात्र सगळे सल्लागार एकदम गप्प होतात. बाईच्या पोटाला चार भोकं पडून गेली, तरी नवऱ्याची वीर्यतपासणी झालेली नसते. उलट जोडीने कुंडात तासन्‌तास बसा, हा सल्ला त्याच्याच मुळावर येतो: अंडकोषांना सतत उष्णता लागली की शुक्राणू घटतात, आणि नवे तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तिने खुशाल शेक घ्यावा. त्याने काठावर बसावं.

श्रद्धेला मी हात लावत नाही. गणेशपुरीशेजारच्या वज्रेश्वरीला चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेसाठी नवस बोलला, अशी परंपरा आहे. पण 1739 साली वसई पडली ती तटाखाली सुरुंग पेरल्यावर. नवस बोलून अप्पा छावणीत बसून राहिले नव्हते.

2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: माझे गुण किती, माझ्या वयाच्या बायकांत तुमच्याकडे हातात मूल किती जणींच्या आलं, नुसती टेस्ट पॉझिटिव्ह किती जणींची आली ते नको. आणि पुढच्या खेपेला नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका; आधी त्याचा रिपोर्ट काढा.