गडी गेले, मैदान राहिले

सोयाबीन घरात आले, कापसाची पहिली वेचणी उरकली, की विदर्भातल्या गावोगावच्या मैदानांवर चुन्याच्या रेषा पडू लागतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अंगाला असलेल्या उमरखेड तालुक्यातले ढाणकी घ्या, की तशाच कोणत्याही बाजारपेठेच्या गावातले एखादे मंडळ घ्या. संघ उभा करताना अडचण एकच येते. गेल्या हंगामात ज्याच्या चढाईवर सामने जिंकले, तो पोलीस भरतीत निवडला गेलेला असतो. कोपरा सांभाळणारा पुण्याकडच्या कारखान्यात लागलेला असतो. सातातले तीन गेले, आता करायचे काय?

हाच प्रश्न कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या संघांनाही पडतो, हे गेल्या काही वर्षांत प्रो कबड्डीने दाखवून दिले आहे. 2014 मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत ठरावीक खेळाडू राखता येतात. बाकीचे मोकळे होतात आणि लिलावात उभे राहतात. जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून काही खेळाडू परत घेता येतात, पण थैली मर्यादित असते. एकावर मुठी सोडल्या तर बाकीच्यांसाठी चिमूट उरते. संघबांधणीचे सारे शहाणपण पणाला लागते ते इथेच.

आपल्या पुण्याच्या संघाचेच पाहा. ऑक्टोबर 2023 मधील लिलावात पुणेरी पलटणने इराणचा महंमदरेझा शादलुई याला 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतले. डाव्या कोपऱ्यातल्या या गड्याने पकडींचे 99 गुण मिळवले आणि 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पुण्याने पहिले विजेतेपद पटकावले. सहा महिने झाले नाहीत तोच पुन्हा लिलाव आला. या वेळी 2 कोटी 7 लाखांची बोली लावून त्याच हरियाणाने शादलुईला नेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात, पुण्यातच बालेवाडीला झालेल्या अंतिम सामन्यात पाटण्याला हरवून अजिंक्यपद मिळवले. गतविजेते पुणे बाद फेरीपर्यंतही पोचले नाही. कर्णधार अस्लम इनामदारचा गुडघाही त्याच हंगामात दुखावला होता.

एवढ्यावर थांबलो तर निष्कर्ष सोपा निघतो : पैसा टाका, गडी आणा, करंडक उचला. पण गोष्ट इथे संपत नाही. 2025 च्या हंगामात अजय ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे पुन्हा अंतिम सामन्यात उभे राहिले. दिल्लीकडून 31-28 अशी हार पत्करावी लागली खरी. पण एका वर्षात तळातून वर येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शादलुईच्या जागी तेवढ्याच मोलाचा दुसरा गडी आणून हे घडले नाही. ज्यांना संघाने कोवळ्या वयात हेरले, आपल्या प्रशिक्षण केंद्रात वाढवले आणि पडत्या काळात टिकवून धरले, अशा खेळाडूंवर ही उभारणी झाली. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार हे त्यातले ठळक नाव. नवोदित म्हणून संघात आलेला हा मुलगा 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता.

पाटण्याचा अनुभवही हेच सांगतो. प्रदीप नरवालच्या चढायांच्या जोरावर पाटणा पायरेट्सने सलग तीन अजिंक्यपदे मिळवली होती. 2021 मध्ये उत्तर प्रदेशच्या संघाने त्याला 1 कोटी 65 लाखांना नेले. आता पाटणा संपले, असे अनेकांना वाटले. प्रशिक्षक राम मेहर सिंग यांनी दुसरा नरवाल शोधण्याचा खटाटोप केला नाही. त्यांनी पकडीची फळी भक्कम केली, चढायांचा भार अनेकांवर वाटला आणि संघ थेट अंतिम सामन्यात नेला. तिथे तो हरला तो केवळ एका गुणाने. गंमत अशी, की त्या फळीत डाव्या कोपऱ्यावर शादलुईच होता, आणि तेव्हा तो नवखाच होता.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही तेच. करार संपलेला खेळाडू तिथे मनाला येईल त्या संघात जातो. 2019 मध्ये केव्हिन ड्युरांट गोल्डन स्टेट वॉरियर्स सोडून गेला, बिनीचे खेळाडू जायबंदी झाले आणि पुढच्या हंगामात संघाला 65 पैकी अवघे 15 सामने जिंकता आले. तरी 2022 मध्ये तो पुन्हा विजेता झाला. करी, थॉम्पसन आणि ग्रीन हे त्याचे आधारस्तंभ अगदी नवखे असताना त्याच संघात आले होते आणि तिथेच घडले होते. विकत आणलेला मोहरा जातो. घरात रुजलेले झाड वादळात वाकते, पण उभे राहते.

मग प्रश्न येतो तो या रोपवाटिकेचा. अस्लमसारखे खेळाडू व्यावसायिक संघांच्या नजरेस पडतात ते अठरा-वीस वर्षांचे झाल्यावर. त्याआधीची आठ-दहा वर्षे त्यांना कोण घडवते? गावातले मंडळ, शाळेतले क्रीडाशिक्षक, स्वतःच्या खिशातून प्रवासखर्च देणारा एखादा जुना खेळाडू. लिलावात बोली कोटींवर जाते तेव्हा या मंडळाच्या वाट्याला त्यातला रुपयाही ठरलेला नसतो. फुटबॉलमध्ये मात्र जागतिक संघटनेचा नियम आहे : करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर रकमेचा 5 टक्के हिस्सा त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. कबड्डी ही आपल्या मातीची. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने ती जगाला दाखवली. त्या विदर्भातल्या मंडळांना इतकाही न्याय मिळू नये? बोलीतून दोन-तीन टक्के रक्कम जरी बाजूला काढली, तरी गावात मॅट येईल. आज मुले मातीवर शिकतात आणि निवडचाचणीला मॅटवर घसरतात.

आईवडिलांसाठीही यात एक धडा आहे. 2022 मध्ये पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांची बोली लागली आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा सारा हंगाम वाया गेला. तेव्हा खेळाबरोबर शिक्षण सोडू नये. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते पदरात पडायचे तर प्रमाणपत्राबरोबर त्या पदाची शैक्षणिक पात्रताही लागते. पोलिसात गेलेला गडी मंडळाला अंतरला म्हणून हळहळण्याचेही कारण नाही. त्याच्या घरात महिन्याचा पगार येऊ लागला, हेही मंडळाचेच यश आहे. त्याने सुटीत गावी आल्यावर तासभर मैदानावर उभे राहावे, एवढेच मागणे.

ढाणकीसारख्या गावातल्या मंडळापाशी लिलावाची थैली नाही. पण पुण्याला आणि पाटण्याला जे पैशाने साधले नाही, ते करण्याची ताकद त्याच्यापाशी आहे. तीन गडी गेले, तर रेषेबाहेर उभी राहून टाळ्या वाजवणारी नववी-दहावीची पोरे आहेतच. त्यांना आत बोलवा. पहिल्या वर्षी हराल, दुसऱ्या वर्षी लढाल. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातलाही एखादा निघून जाईल. तोवर रेषेबाहेर दुसरी पोरे येऊन उभी राहिली असली, म्हणजे संघ जिवंत आहे असे समजावे.