‘नंदाचे वडील’ एवढीच ओळख? मास्टर विनायकांवरील अन्यायाविषयी

१/ मास्टर विनायक हे नाव निघाले की तीन ठरलेली वाक्ये ऐकू येतात. अभिनेत्री नंदाचे वडील. मास्टर दीनानाथांच्या निधनानंतर लता मंगेशकरांच्या कुटुंबाला आधार देणारे. आणि ‘ब्रह्मचारी’मधील मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांत विनायकांचे स्वतःचे कर्तृत्व कोठे आहे?

२/ विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९०६ मध्ये कोल्हापुरात झाला. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात त्यांनी नारद रंगवला. १९३५ मध्ये ‘विलासी ईश्वर’ दिग्दर्शित केला आणि १९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह ‘हंस पिक्चर्स’ उभारली.

३/ हंसने पडद्यावर साहित्यिकांना मानाचे स्थान दिले. ‘छाया’ (१९३६) वि. स. खांडेकरांची, ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आचार्य अत्र्यांची. पुढे ‘लग्न पहावे करून’मध्ये (१९४०) चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले. पुराणातील राजेरजवाड्यांच्या गर्दीत मराठी मध्यमवर्गीय माणूस आपल्या भित्र्या, भाबड्या रूपात दिसू लागला.

४/ ‘ब्रह्मचारी’चा औदुंबर व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेतो, नट्यांची जमवलेली छायाचित्रे टाकून देतो आणि किशोरीसमोर त्याची तारांबळ उडते. ही भूमिका दिग्दर्शकाने स्वतः केली. ज्या भाबड्या उत्साहावर चित्रपट हसतो, त्याचा चेहरा त्याने स्वतःचाच दिला. त्या विडंबनाचे मर्म सोडून केवळ पोशाखाची चर्चा करणे म्हणजे कीर्तन सोडून बुक्क्याचाच वास घेत बसणे.

५/ आक्षेप येतो : ‘प्रभातच्या तुलनेत हे हलकेफुलके.’ ‘कुंकू’ (१९३७) थोर आहेच. पण समाजाला रडवून जागे करणे तेवढे गंभीर आणि हसवून जागे करणे उथळ, हा निवाडा कोणी दिला?

६/ विनायकांचे सर्वच चित्रपट श्रेष्ठ नव्हते. ‘ज्वाला’ (१९३८) हा भव्य प्रयत्न फसला. ‘बडी माँ’वर (१९४५) युद्धप्रचाराची छाया आहे. परंतु कलावंताचे मोजमाप त्याच्या कामावरून, त्यातील यशापयशांसह व्हावे. त्याच्या आप्तांच्या कीर्तीवरून नव्हे.

७/ १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर चौथ्या दिवशी, अवघ्या ४१व्या वर्षी विनायक गेले. ‘मंदिर’ अपुरा राहिला. तो इतरांनी पुरा केला.

८/ ‘जुने चित्रपट मिळत नाहीत’ ही सबब ‘ब्रह्मचारी’पुरती तरी आता चालणार नाही. सारसोळ्याच्या जेट्टीवर बसलेल्या तरुणाच्या फोनवरही तो उघडतो. इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्यांनी तो आधी संपूर्ण पाहावा. ‘नंदाचे वडील’ ही ओळख त्यानंतर पुरेशी वाटते का, ते ठरवावे.