महाधिवक्ता कोणाचा वकील?

लोणंदच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला तलाठी ठाऊक असतो, प्रांत ठाऊक असतो, आमदार तर असतोच. परंतु उच्च न्यायालयात आपल्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलांच्या फौजेतील अग्रणी कोण, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो अग्रणी म्हणजे राज्याचा महाधिवक्ता. त्याचे मानधन याच शेतकऱ्याने भरलेल्या करांतून जाते.

राज्यघटनेच्या १६५व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल त्याची नेमणूक करतात. न्यायमूर्ती होण्याची पात्रता त्याच्या अंगी असावी लागते. मात्र पदावर तो राहतो राज्यपालांची मर्जी असेतोवर, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची मर्जी असेतोवर. १७७व्या अनुच्छेदाने त्याला विधिमंडळात बोलण्याचा अधिकार दिला आहे, मताचा नाही. सभागृहाच्या विशेषाधिकारांचे संरक्षण त्याला आहे. न्यायालयात इतर वकिलांच्या आधी बोलण्याचा मान त्याचा. न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची तक्रार सामान्य नागरिकाला करावयाची, तर १९७१च्या कायद्यान्वये त्याचीच लेखी संमती लागते.

एवढा मान कशासाठी? मंत्र्यांची बाजू मांडण्यासाठीच असता, तर फी पुरेशी होती. हा मान सार्थ ठरतो तो एकाच गोष्टीने: 'हे बेकायदा आहे, करू नका' असे सरकारला तोंडावर सांगण्याने. सरकारचा सल्लागार आणि सरकारचा भाट यांतील अंतर आणीबाणीने आपल्याला दाखवून दिले आहे. जून १९७५मध्ये आणीबाणी पुकारली जाताच फली नरिमन यांनी केंद्राच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल पदाचा राजीनामा दिला. उलट, बेकायदेशीरपणे एखाद्याचा जीव घेतला गेला तरी आणीबाणीत न्यायालयात दाद मागता येणार नाही, ही भूमिका देशाचे महान्यायवादी निरेन डे यांनी सर्वोच्च न्यायालयात घेतली, आणि १९७६मध्ये न्यायालयाने सरकारच्याच बाजूने कौल दिला. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे या राज्याचे महाधिवक्ता राहिलेल्या एच. एम. सीरवाईंनी त्या निकालावर पुढे कठोर टीका केली. सरकारची वकिली करूनही विवेक शाबूत ठेवता येतो, याचा हा घरचाच दाखला.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. खंडाळा-फलटण भागात कालव्यांसाठी, औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या. जमीन देणारा वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढतो. वर्षे जातात, निकाल त्याच्या बाजूने लागतो. मग सरकारचे अपील येते, स्थगितीचा अर्ज येतो, तारखा पडू लागतात. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले. सातारकरांची मुंबईची खेप वाचली, हे चांगलेच झाले. पण रस्ता आखूड झाला म्हणून अपील थांबत नाही. बाप दावा लावतो आणि पैसे मुलाच्या हाती पडतात, हा कसला न्याय?

प्रत्येक अपिलाचा कागद महाधिवक्ता स्वतः तपासत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु ज्या प्रश्नावर कायदा निर्विवाद ठरलेला आहे तेथे केवळ वेळ काढण्यासाठी अपील करू नये, एवढा सल्ला द्यायला त्याला कोणी रोखले आहे? आणि दिला असेल, तर तो जनतेला कळतो कोठे? वकील-अशिलाच्या गोपनीयतेचा पडदा पुढे केला जातो. खाजगी अशिलाला तो शोभतो. जे सरकार जनतेच्या नावाने आणि जनतेच्या पैशाने लढते, त्याला तो कायमचा कसा शोभावा?

मार्च २०१६मध्ये श्रीहरी अणे यांना स्वतंत्र मराठवाड्याविषयीच्या वक्तव्यावरून हे पद सोडावे लागले. वाद भाषणाचा होता, सल्ल्याचा नव्हता. महाधिवक्त्याचे भाषण विधिमंडळाला हादरवते आणि त्याच्या सल्ल्याची मात्र विचारपूस होत नाही, ही उलटी रीत आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. महाधिवक्त्याला निश्चित मुदत द्यावी, आणि मुदतीआधी दूर करावयाचे तर कारणे लेखी नोंदवावीत. खटला अंतिमतः निकालात निघाल्यावर त्यातील सल्ला विधिमंडळापुढे ठेवावा. भूधारकांविरुद्ध सरकारने किती अपिले केली, किती हरली आणि त्यांवर किती खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी १७७व्या अनुच्छेदाचा अधिकार वापरून महाधिवक्त्याने स्वतः सभागृहात उभे राहून द्यावा. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, इच्छाशक्तीची आहे. आमदारांनी ती दाखवावी, आणि ते दाखवीत नसतील तर मत मागायला येतील तेव्हा मतदारांनी त्यांना हाच प्रश्न विचारावा. जनतेच्या पैशाने मिळालेला मान जनतेविरुद्ध वापरण्याचा परवाना कोणत्याही घटनेने कोणालाही दिलेला नाही.