रडणारी झाडे

जुलैचा पहिला आठवडा म्हणजे वनमहोत्सव. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली तो सुरू केला, आणि तेव्हापासून खड्डे खणणे, रोप लावणे व फोटो काढून घेणे हा क्रम देशभर चालू आहे. यंदा आमच्या बीडच्या महाविद्यालयात त्यानिमित्त भित्तिपत्रकांची स्पर्धा झाली, आणि परीक्षकाची माळ माझ्या गळ्यात पडली. चित्रकलेतले मला ओ की ठो कळत नाही. पण ‘सर, तुम्ही नुसता मजकूर पाहा,’ असे म्हटल्यावर मराठीच्या मास्तराने काय बोलावे!

कोणी पृथ्वीच्या तोंडात तापमापक दिला होता, कोणी भेगाळलेल्या जमिनीवर रिकामा हंडा आणि हडकुळे मूल बसवले होते. आणि झाडे तर किती रडत होती म्हणता! एका झाडाच्या डोळ्यांतून रक्ताचे थेंब गळत होते. खाली लिहिले होते : ‘माणसा, मी तुला सावली दिली, तू मला काय दिलेस?’ खरे सांगतो, माझा गळा दाटून आला. मी त्याला पहिला क्रमांक देऊन टाकला.

एका कोपऱ्यात वहीचा साधा कागद होता. त्यावर वेडेवाकडे काढलेले वडाचे रोप, आणि मजकूर एवढाच : ‘फाटकाजवळचा वड. पाऊस थांबला की एक दिवसाआड दोन बादल्या.’ खाली सात वार आणि प्रत्येकासमोर रिकामा चौकोन. मला वाटले, पोरीने काम अर्धवट टाकले. मी तिला बोलावून विचारले, ‘अगं, ती भेगाळलेली जमीन पाहा. काही वाटते की नाही?’

ती म्हणाली, ‘सर, ते तर आमचंच रान आहे. त्याला बघून रडायचं काय? पाणी कोण आणणार, ते ठरवायला पाहिजे ना.’

तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. मी गप्प बसलो, पण गुण वाढवले नाहीत. परीक्षकाचा अहंकार हो, दुसरे काय!

आठ दिवसांनी फाटकाशी जाऊन पाहतो तो काय! पहिल्या क्रमांकाचे चित्र मोठ्या फ्लेक्सवर छापून जुन्या लिंबाच्या खोडाला चार खिळे ठोकून लावलेले. प्लास्टिकच्या कापडावरचे झाड रक्ताचे अश्रू ढाळीत होते, आणि त्याच्यामागच्या खऱ्या झाडात खिळे रुतले होते. त्या दिवशी मला वर्गात रसविचार शिकवायचा होता. करुणाचा स्थायीभाव शोक, वीराचा उत्साह, हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पण शोक हा नाट्यगृहातच संपतो, रुमाल खिशात घालून प्रेक्षक घरी जातो, हे मात्र त्या खिळ्यांनी शिकवले. त्या चित्रापुढे गळा दाटला तेव्हा झाडाचे देणे फिटल्यासारखेच मला वाटले होते!

भावनेला हात घालूच नये, असे माझे म्हणणे नाही. हिमालयातल्या रेणी गावी मार्च १९७४ मध्ये ठेकेदाराची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा गौरादेवींनी जंगलाला माहेर म्हटले. यापरता भावनेचा शब्द कोणता? पण तो उच्चारून त्या घरी गेल्या नाहीत. बायकांना घेऊन झाडांपाशी उभ्या राहिल्या. आमच्या बीडजवळच, पालवणच्या डोंगरावर, फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले. अभिनेते सयाजी शिंदे यांचा त्यात पुढाकार होता. अध्यक्ष कोण, तर एक वड! साहित्यसंमेलने ऐकलेल्या माणसाला असा अबोल अध्यक्ष विशेष सुखाचा वाटावा. पण मला मोलाचे वाटते ते हे, की त्या वडाला कोणी रडवले नाही. त्याला मानाने खुर्ची दिली.

असो. शिपायाला घेऊन मी फ्लेक्स उतरवला. तीन खिळे निघाले, चौथा साल धरून बसला आहे. तो वहीचा कागद सूचनाफलकावर लावून गुरुवारच्या चौकोनात मी माझे नाव घातले. हळूहळू बाकीचे वारही भरले. सोमवार तिचा आहे. दिवाळीनंतर आईवडील कारखान्याकडे निघतील. धाकट्या भावंडांपायी तिलाही जावे लागेल की काय, हे अजून ठरलेले नाही. तूर्त त्या चौकोनात, तिच्या नावाखाली, मी पेन्सिलीने माझेही लिहून ठेवले आहे.