पाखरांचे घर आणि शेजाऱ्याची विहीर

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात रिओ ग्रान्दे नदीच्या काठी अल्बुकर्की हे शहर आहे. त्याच्या दक्षिणेस माउंटन व्ह्यू नावाची वस्ती असून तेथे बहुतांशी स्पॅनिश परंपरेतील कष्टकरी कुटुंबे राहतात. शहराला जे नकोसे, ते या वस्तीच्या वाट्यास आले : मैलापाण्याचे शुद्धीकरण केंद्र, भंगाराचे वाडे, तेलाच्या टाक्या. भूगर्भातील पाणीही दूषित झाले.

तेथील एका जुन्या दुग्धालयाची ५७० एकर जमीन मोकळी राहावी म्हणून रहिवाशांनी खटपट केली. २०१२ साली त्या जागी 'व्हाये दे ओरो', म्हणजे सोन्याचे खोरे, हे वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. पाखरांना विसावा व मुलांना मोकळे रान लाभले. परंतु कुंपणाच्या आत पाखरे सुखरूप आणि बाहेर लेकरांच्या वाट्यास धूर, याला न्याय कसा म्हणावा? म्हणूनच आश्रयस्थानाच्या अधिकाऱ्यांनी रहिवाशांसह बसून पर्यावरणीय न्यायाचा आराखडाही सिद्ध केला, हे आम्हांस विशेष वाटते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरित्री आणि दरिद्री यांची हाक एकत्रच ऐकावयास सांगितले. तेव्हा, वाचकहो, आपल्या गावाचा कचरा कोणाच्या दाराशी पडतो, आपले सांडपाणी कोणाच्या विहिरीपाशी मुरते, हे आपणही पाहू या. चिमणीची काळजी वाहणारा स्वर्गीय पिता शेजाऱ्याच्या विहिरीविषयीही आपणांस विचारील.