दुसऱ्या बाळाचा कोपरा

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडील जुनी रीत. त्यामुळे पहिल्या बाळाचा पाळणा बहुधा आजोळी टांगला जातो. रात्रीची जागरणे, दुपट्यांच्या घड्या, तेलपाणी हे सारे तेथेच पार पडते आणि बाळ आपल्या घरी येते तेव्हा ते मान धरू लागलेले असते. दुसऱ्या वेळी चित्र निराळे असते. थोरल्याची बालवाडी सुरू झालेली असते, माहेरच्या आईचे गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, जावयाला दोन घरांत धावाधाव झेपत नाही. म्हणून दुसरे बाळंतपण पुष्कळदा सासरीच करण्याचे ठरते. म्हणजे दुसरे मूल असूनही अगदी तान्ह्या जिवासाठी त्या घरात प्रथमच जागा सिद्ध करावयाची असते. आणि तीही अशा काळात, की जेव्हा गृहकर्जाचा हप्ता आणि शाळेचे शुल्क यांनी पगाराचा मोठा हिस्सा आधीच उचललेला असतो.

अशा वेळी दुकानांतील रंगीत पुस्तिका पाहिल्या की मन दडपून जाते. स्वतंत्र खोली, ढगांचा वॉलपेपर, त्याच नक्षीचे पडदे, कॉट आणि कपाट! दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्याने हे सारे मांडावे कोठे? समाधानाची गोष्ट अशी की, ते मांडण्याची गरजच नसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत, निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, परंतु स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावे, असे म्हटले आहे. ज्या देशात बाळाला वेगळी खोली देण्याची चाल, तेथील डॉक्टरांचे हे सांगणे आहे. आपल्या आज्यांच्या घरात पाळणा आईच्या हाताशीच असे, तो काही केवळ जागेच्या टंचाईमुळे नव्हे. तेव्हा खोली नव्हे, कोपरा सजवावयाचा आहे, हे एकदा मनाशी ठरले की अर्धे अंदाजपत्रक तेथेच आटोक्यात येते.

सुरुवात खरेदीने नव्हे, तर शिल्लक साठ्याच्या मोजदादीने व्हावी. सातव्या महिन्याच्या सुमारास माळ्यावरची पेटी उतरवून थोरल्याचे सारे सामान एका चादरीवर मांडावे. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, लंगोट, मेणकापड, आजीने जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली गोधडी. यांतील सुती वस्त्रे गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवली की ती नव्याहून सरस ठरतात. अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या सुताची सर खळ लावलेल्या नव्या कापडाला येत नाही. ज्यांचे इलॅस्टिक सैल झाले, बंद तुटू लागले किंवा बटणे लोंबू लागली, ती मात्र दुरुस्त करावीत अथवा सरळ फडक्यांत टाकावीत. लोंबणारे बटण तोंडात जाण्यास वेळ लागत नाही.

येथे घराघरांत एक वाक्य हमखास उमटते: "धाकट्याला काय सगळे जुनेच द्यायचे?" बोलणारी बहुधा आजी असते, आणि तिच्या स्वरात अपराधाची छटा असते. पुष्कळ घरांत धाकट्यांची ही तक्रार पुढे आयुष्यभर पुरते. थोरल्याच्या फोटोंचे तीन अल्बम आणि धाकट्याचे मोजून सहा फोटो, हे दुःख काही खोटे नाही. परंतु वाणिज्यशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या प्रश्नाचा दुसरा पैलू दिसतो. पहिल्या बाळासाठी घेतलेल्या कॉटचा खर्च दोन मुलांवर विभागला जाऊ शकतो. दुसरे मूल हेच शेवटचे असेल, तर त्याच्यासाठी घेतलेली नवी कॉट दीड-दोन वर्षे वापरून पुढे पडूनच राहणार. तिचा सारा घसारा एकट्या त्या बाळाच्या नावे पडतो. म्हणून मोठ्या लाकडी वस्तू दुसऱ्या वेळी विकत घेऊ नयेत. घरच्या वापराव्यात किंवा नात्यातून मागून आणाव्यात. नवे द्यावयाचेच तर अंगाला लागणारे, निव्वळ त्या बाळाचे असे काही द्यावे. बारशाचे झबले नवे असावे, एखादे दुपटे त्याच्यासाठीच शिवलेले असावे. तेवढे पुरते. हप्त्यांवर किंवा क्रेडिट कार्डावर बाळाचा कोपरा सजवणे हा शुद्ध अविचार आहे. बाळ रांगू लागेपर्यंत त्या सजावटीचे व्याज भरत बसण्यात काय अर्थ?

मागून आणलेली वस्तू मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी. कॉटच्या किंवा पाळण्याच्या दोन गजांमधील फट सहा सेंटिमीटरहून अधिक नसावी. अधिक असल्यास बाळाचे अंग त्यातून निसटून डोके अडकण्याचा धोका असतो. घरातील पट्टीने हे दोन मिनिटांत मोजता येते. जिची एक बाजू खाली सरकवता येते अशी जुन्या घडणीची कॉट कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. ती बाजू निखळून बाळे अडकल्याच्या घटनांमुळे अमेरिकेत २०११ पासून अशा कॉट तयार करण्यास व विकण्यास बंदी आहे. पाळणा टांगावयाचा असेल तर छताची कडी, साखळ्या आणि आकडे सुताराकडून पाहून घ्यावेत. गादी सपाट व घट्ट हवी, पाळण्याच्या मापाची हवी आणि बाळाला तिच्यावर उताणे निजवावे. डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी देण्याची आपल्याकडे हौस आहे. परंतु पहिल्या वर्षात झोपण्याच्या जागी उशी, जाड रजई किंवा मऊ खेळणी नकोत, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. भेट म्हणून आलेली ती झालरीची लोडे-उशी संचे दिसतात गोजिरवाणी. ती बारशाच्या फोटोपुरती ठेवावीत.

भिंतीबद्दल थोडेसे. चारही भिंती रंगवण्याचे कारण नाही, पाळण्यामागची एक पुरे. दहा फूट रुंद व नऊ फूट उंच भिंत म्हणजे नव्वद चौरस फूट; तिच्या दोन हातांना लिटर-दीड लिटर रंग पुरतो आणि एका रविवारी घरच्या घरी काम उरकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तेव्हा सुटा, नावगाव नसलेला डबा न घेता शिशाबाबत स्पष्ट उल्लेख असलेला घ्यावा. खरी काळजी जुन्या रंगाची असते. वाड्यातील किंवा जुन्या चाळीतील भिंती व खिडक्यांचे तैलरंग घासले तर त्या धुळीत शिसे असू शकते. ते घासकाम कोरडे करू नये, आणि त्या वेळी गर्भवतीने व थोरल्या मुलाने घरात थांबू नये. रंगकाम प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी निदान महिनाभर आधी संपवावे, म्हणजे वास निघून जातो. चित्रांचा हव्यास धरू नये. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरपलीकडचे नीट दिसत नाही. ढग आणि ससे हे मोठ्यांच्या कौतुकासाठीच असतात. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या जाड रेघा काढून जवळ धरल्या, तर बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहते.

ही चित्रे काढावीत कोणी, तर थोरल्याने. कारण या साऱ्या तयारीत ज्याचे खरोखर काही जाते आहे, तो तोच असतो. तीन-चार वर्षांचे मूल त्या चादरीभोवती फिरत असते आणि आपली गोधडी, आपला खुळखुळा दुसऱ्या कोणाच्या नावे होताना पाहत असते. तोवर ते आईच्या कुशीत झोपत आलेले असते. बाळ घरी आले त्याच रात्री त्याचे अंथरूण आजीच्या खोलीत गेले, तर त्या लहानग्या बुद्धीला त्याचा एकच अर्थ लागतो. पुढे महिनोन्महिने चाललेले हट्ट, पुन्हा अंथरूण ओले होणे, बाळाला काढलेले चिमटे यांची मुळे पुष्कळदा याच रात्रीत सापडतात. म्हणून झोपण्याच्या जागेतील बदल प्रसूतीपूर्वी दोन-तीन महिने करावा, आणि "बाळ येणार म्हणून" असे कारण न देता "आता तुला स्वतःची जागा" म्हणून करावा. अंदाजपत्रकात नवे काही घ्यावयाचे असेल तर ती थोरल्याची गादी असावी. हा खर्च धाकट्याच्याच खात्यावर टाकण्यास हरकत नाही. गोधडी बाळाला द्यावी का, हे त्याला विचारावे. त्याने नाही म्हटले तर ती त्याच्यापाशी राहू द्यावी; आजी दुसरी शिवते. मात्र त्याची मणी, गोट्या, चिमुकल्या चाकांची खेळणी आणि बटणासारख्या सेलवर चालणाऱ्या वस्तू झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर आताच हलवाव्यात. बाळ रांगू लागल्यावर घाईने हलवल्या तर तोही त्याला अन्यायच वाटतो.

समजा, इस्पितळाची रक्कम वेगळी काढल्यावर १५,००० रुपये हाती उरले. त्यातील ५,००० प्रथमच बाजूला ठेवावेत व बाळ घरी येऊन महिना होईपर्यंत त्यांना हात लावू नये. बाळाला नेमके काय हवे ते बाळ आल्यावरच कळते. उरलेल्या दहा हजारांत थोरल्याची गादी, पाळण्याची दुरुस्ती व त्याची घट्ट गादी, मच्छरदाणी, मंद प्रकाशाचा दिवा आणि भिंतीचा रंग बसवावा. पैसे कमी पडले तर रंगावर काट मारावी, आईच्या खुर्चीवर मारू नये. रात्री तीन वेळा उठून दूध पाजणाऱ्या बाईला पाठ टेकता येईल अशी हाताची खुर्ची सजावटीच्या कोणत्याही यादीत नसते. घरातील एखादी जुनी खुर्ची, पाठीशी तक्क्या आणि पायाशी पाट एवढ्यानेही ते काम होते. आत्या, मावशी, काकू "काय आणू?" असे विचारतात तेव्हा संकोच न करता नेमकी वस्तू सांगावी, नाहीतर बारशाला त्याच त्या प्लॅस्टिकच्या चार भेटपेट्या येतात.

राहिला प्रश्न बाळ जन्मण्याआधी तयारी करू नये, या समजुतीचा. ज्या घरांत ती पाळली जाते तेथे सासूबाईंशी वाद घालण्याचे कारण नाही. भिंत, दिवा, खुर्ची, थोरल्याचे अंथरूण यांत बाळाचे असे काहीच नाही. ते आधी होऊ शकते. धुतलेली दुपटी थोरल्याचीच म्हणून कपाटात राहू शकतात. पाळणा तेवढा दुरुस्त करून, साखळ्यांना तेल देऊन, चादरीत गुंडाळून ठेवावा. बारशाच्या आदल्या दिवशी मामाने तो कडीला अडकवला की झाले.